स्पायना बायफिडा असलेल्या विद्यार्थ्याचा आहार व वजन

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

खेड्यातील प्राथमिक शाळेत क्वचित एखादे मूल असे दाखल होते, की ज्याच्या कंबरेच्या वरच्या अंगाला जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असतो, पाय दुबळे असतात आणि लघवी-शौचावर ताबा नसतो. आई त्याला कडेवर घेऊन येते, नाही तर वडील सायकलीवर बसवून आणतात. बुद्धीने ते चुणचुणीत असते. पहिलीची व दुसरीची वर्षे बरी जातात. तिसरी-चौथीच्या सुमारास मात्र हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. शिक्षकाने घरी जाऊन चौकशी केली, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "गुरुजी, आता उचलवत नाही."

शाळा सुटण्याचे हे कारण दप्तरी नोंदीत कोठेही आढळत नाही. तरी अशा मुलांच्या बाबतीत ते फार खरे आहे. मूल उचलून नेता येते की नाही, ते कुबड्या व कॅलिपर यांच्या आधाराने चालते की नाही, खुर्चीवरून बाकावर स्वतः सरकू शकते की नाही, हे सारे त्याच्या पायांतील शक्तीइतकेच त्याच्या वजनावर अवलंबून असते. पायांतील शक्ती शिक्षकाला वाढवता येणार नाही. वजनाच्या बाबतीत मात्र त्याला पुष्कळ करता येईल. ते कसे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. दोषाचे स्वरूप

स्पायना बायफिडा याचा अर्थ दुभंगलेला कणा. गर्भाच्या पाठीवर आरंभी एक पन्हळ असते. तिच्या कडा मिटून नळी तयार होते व त्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. हे मिटण्याचे काम गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत पुरे होते. त्यात उणीव राहिली, तर कण्याचे मणके त्या जागी मागील बाजूने उघडे राहतात. सौम्य प्रकारात केवळ मणक्यात फट असते व ती व्यक्तीला आयुष्यभर जाणवतही नाही. तीव्र प्रकारात मज्जारज्जू व मज्जातंतू पाठीवरील पिशवीत बाहेर येतात. अशा बालकावर जन्मानंतर लवकरच शस्त्रक्रिया करावी लागते. तथापि, जे तंतू दुखावलेले असतात ते शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाहीत. दोष जितका वरच्या मणक्यात, तितका अधिक भाग दुबळा, असा सामान्य नियम आहे.

अशा बऱ्याच मुलांच्या मेंदूत पाणी साठते. ते पोटात उतरवण्यासाठी त्वचेखालून एक बारीक नळी बसवतात. तिला शंट म्हणतात. अशा नळीत बसवण्याजोगी चांगली झडप १९५६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे प्रथम वापरली गेली. ती तयार करणारा जॉन होल्टर हा कुशल यंत्रज्ञ होता आणि त्याच्या स्वतःच्या मुलाला हाच विकार होता. त्याआधी अशी बालके बहुधा दगावत. ती जगू लागली आणि वाढू लागली, तेव्हा त्यांचे शिक्षण, आहार व वजन यांचे प्रश्न पुढे आले.

हा दोष कोणाच्या पापाचे फळ नव्हे, ग्रहणात आईने काही चिरल्यामुळे तो होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. एवढी गोष्ट शिक्षकाने गावात स्पष्ट शब्दांत सांगितली, तरी त्या घरावरील मोठे ओझे हलके होईल.

२. वजन का वाढते

शेतकरी नांगरणीच्या दिवसांत बैलाला पेंड वाढवून देतो आणि काम नसते तेव्हा ती कमी करतो. श्रम तितके अन्न, हे तत्त्व त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मनुष्याच्या शरीरालाही हाच न्याय लागू आहे. मांड्या व पोटऱ्या यांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी होत. ते काम करीत नाहीत तेव्हा अन्नाचा खर्च कमी होतो. हा खर्च धावण्या-खेळण्याच्या वेळी तर कमी होतोच, परंतु स्नायूंचा साठाच थोडा असल्यामुळे मूल स्वस्थ बसलेले असतानाही तो इतर मुलांपेक्षा कमी असतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. तीव्र प्रकारचा दोष असलेल्या व फारशी हालचाल नसलेल्या आठ वर्षांपुढील मुलाचे वजन आहे तेवढे राखण्यासाठी उंचीच्या दर सेंटिमीटरमागे दिवसाला ९ ते ११ किलोकॅलरी पुरतात, असे आहारतज्ज्ञांचे गणित आहे. म्हणजे १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला १,०८० ते १,३२० किलोकॅलरी झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींत ७ ते ९ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाची गरज सुमारे १,७०० किलोकॅलरी धरली आहे. दोहोंतील अंतर चारशे ते सहाशेच्या घरात येते.

हे अंतर किती अन्नाचे, तेही पाहावे. पन्नास ग्रॅम गोड बिस्किटांत सुमारे सव्वादोनशे किलोकॅलरी असतात, तर पन्नास ग्रॅम फरसाणात अडीचशेहून अधिक. चहातील साखरेचा प्रत्येक चमचा वीसची भर घालतो आणि तेलाचा प्रत्येक लहान चमचा पंचेचाळिसाची. सकाळी चहा-बिस्किटे व सायंकाळी फरसाण एवढेच जादा झाले, तरी हिशेब चुकतो. शेजारचे मूल तेच खाऊन सडपातळ राहते, कारण ते दिवसभर हुंदडत असते. म्हणून 'घरात सारे हेच खातात, मग यालाच काय झाले?' असे पालक विचारतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना हिशेबाची दुसरी बाजू ठाऊक नसते, इतकेच.

वरील गणित शिक्षकाने समजून घेण्यासाठी आहे, मुलाचे अन्न मोजून कापण्यासाठी नव्हे. प्रत्येक मुलाचे प्रमाण डॉक्टर वा आहारतज्ज्ञच ठरवतील.

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. या विकाराच्या काही मुलांना, विशेषतः लहान वयात, गिळण्यास त्रास होतो. काहींना लघवीच्या मार्गाचा संसर्ग वारंवार होतो व भूक मंदावते. गरीब घरातील असे मूल लठ्ठ नसून कृश व पंडुरोगी असण्याचा संभव आहे. त्यास्तव 'स्पायना बायफिडा म्हणजे कमी खाऊ घालणे' असा ठोकताळा कोणी बांधू नये. प्रथम मोजावे, मग बोलावे.

३. वाढलेल्या वजनाचे परिणाम

(अ) चालणे : कॅलिपर व कुबड्या यांच्या साहाय्याने चालणारी बरीच मुले किशोरवयात चालणे सोडतात. त्याची कारणे अनेक असली, तरी वजन हे त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

(आ) हात व खांदे : जे मूल हातांच्या बळावर सरकते वा चाकाची खुर्ची ढकलते, त्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. जादा वजनाचा प्रत्येक किलो त्या खांद्यांवर पडतो.

(इ) त्वचा : कंबरेखाली स्पर्शाची व वेदनेची जाणीव कमी असते. एका जागी बसून राहिल्याने नितंबावर व टाचेवर व्रण पडतात, ते मुलाला कळत नाहीत आणि भरून येण्यास महिने लागतात. वजन वाढले की दाब वाढतो, कातडीच्या वळ्या ओल्या राहतात आणि व्रणाचा धोका अधिक होतो.

(ई) परावलंबन : लहानपणी आई उचलते. तेच मूल पुढे मोठे व वजनदार झाले, म्हणजे शौचाला नेणेही दोघांचे काम होते. मुलीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो आणि मग शाळा बंद करणे हाच सोपा मार्ग घराला वाटू लागतो.

४. वजन व उंचीची नोंद

उभे राहू न शकणाऱ्या मुलाचे वजन शाळेतील साध्या काट्यावरही करता येते. प्रथम पालकाने मुलाला घेऊन काट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याने, व वजाबाकी करावी. उदाहरणार्थ, दोघांचे मिळून ७१.५ किलो व आईचे ४८ किलो भरले, तर मुलाचे वजन २३.५ किलो झाले. कॅलिपर, बूट व जाड कपडे आधी काढून ठेवावेत. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच काट्यावर व त्याच वेळी मोजावे. हे काम इतर मुलांसमोर करू नये व आकडा मोठ्याने वाचू नये.

उंचीच्या बाबतीत अडचण येते. पाय आखूड किंवा आखडलेले असतात, कणाही वाकलेला असू शकतो. म्हणून दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरून एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. सर्वसाधारण माणसात हे अंतर उंचीच्या जवळपास असते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. नेहमीच्या आरोग्यपत्रकातील उंची व वजनाच्या कोष्टकावरून मात्र शिक्षकाने निष्कर्ष काढू नये. या मुलांत स्नायू कमी व चरबी अधिक असल्याने कोष्टकात वजन 'योग्य' दिसले, तरी प्रत्यक्षात चरबी जास्त असू शकते.

एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची असते. सलग तीन महिने वजन झपाट्याने चढत असेल, किंवा सलग दोन महिने घटत असेल, तर नोंदवहीसह मुलाला आरोग्य पथकास दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत या जन्मजात दोषाचा समावेश आहे आणि त्याचे पथक शाळांना भेट देते. त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही, याची काळजी मुख्याध्यापकाने घ्यावी.

५. ताटाची मांडणी

वाढत्या वयातील लठ्ठ मुलाचे वजन एकदम उतरवणे हा उद्देश नसावा. वजन आहे तेथे थोपवून धरले व उंची वाढत राहिली, म्हणजे प्रमाण आपोआप सुधारते. उपवास घडवणे, जेवण चुकवणे, 'भात सोड' असे फर्मान काढणे या गोष्टी अपायकारक आहेत. एकदा वाढलेले वजन या मुलांमध्ये उतरवणे फार कठीण जाते. म्हणून सहा-सात वर्षांच्या वयापासूनच सवय लावावी.

ताटातील पदार्थ बदलण्याची गरज नाही, त्यांचे प्रमाण बदलावे. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर यांचे असावे : मेथी, चवळी, शेवग्याचा पाला, दोडका, काकडी, गाजर, मुळा, ऋतूप्रमाणे जे परसात वा बाजारात मिळेल ते. पाव ताट भाकरी किंवा भात. उरलेले पाव ताट वरण, मटकी-मुगाची उसळ, अंडे किंवा मासे. डाळी-उसळींत कपात कदापि करू नये, कारण स्नायूंची वाढ व व्रण भरून येणे प्रथिनांवर अवलंबून असते. तेल, साखर, तळलेले पदार्थ व पाकिटातील खारे-गोड खाऊ यांत कपात करावी.

हाडांकडेही लक्ष हवे. ज्या पायांवर भार पडत नाही त्यांची हाडे ठिसूळ होतात व किरकोळ धक्क्यानेही मोडतात. जाणीव नसल्यामुळे मुलाला वेदना होत नाही. पाय केवळ सुजतो व गरम लागतो. नाचणी, तीळ, दूध, साय काढलेले ताक यांतून चुना मिळतो आणि उन्हात बसण्याने ड जीवनसत्त्व मिळते. मूत्रमार्गात खडे झाले असतील, तर या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शालेय पोषण आहारात इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. इतर मुलाच्या हिशेबात हा दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा होतो, तर वरील उदाहरणातील मुलाच्या हिशेबात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणून शाळेत जेवलेल्या मुलाला घरी गेल्यावर पुन्हा पूर्ण जेवण वाढले जाते का, हे पालकांना अवश्य विचारावे. शाळेत त्याला पंक्तीतून वेगळे बसवू नये व त्याच्यासाठी वेगळा पदार्थही करू नये. वाढणाऱ्या मदतनीस ताईंना एवढेच सांगून ठेवावे, की याला भाजी-उसळ पहिल्यांदा व सढळ हाताने वाढावी, भाताचा आग्रह करू नये आणि ताटात उरले तर रागावू नये.

६. पाणी, चोथा व शौच

अशा मुलाचे मूत्राशय व आतडी यांना मज्जातंतूंचा संदेश नीट पोहोचत नाही. त्यामुळे मलावरोध हा जवळपास नित्याचा विकार होतो. त्यावर चोथायुक्त अन्न, पुरेसे पाणी व ठरलेली वेळ हे तीन उपाय आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, पालेभाज्या, पेरू यांत चोथा भरपूर असतो. चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही, तर मल अधिकच कठीण होतो, ही गोष्ट पालकांना बजावून सांगावी. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी आतड्यांची स्वाभाविक हालचाल होते. ती वेळ साधून रोज मुलाला शौचास बसवण्याचा परिपाठ घरी ठेवावा.

पाण्याच्या बाबतीत खरी अडचण शाळेत येते. कपडे ओले होतील, मुले हसतील, या भीतीने मूल सकाळपासून पाणीच पीत नाही. शिक्षकाला ते शांत व शहाणे दिसते. प्रत्यक्षात त्याच्या मूत्रपिंडाची हानी होत असते. अशी बरीच मुले दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करतात. ही पद्धत १९७२ सालापासून प्रचारात आली व तिच्यामुळे अनेकांची मूत्रपिंडे वाचली. यासाठी शाळेने कडी असलेली एक स्वच्छ खोली, पाणी, साबण व एक ठरलेली वेळ एवढेच द्यायचे असते. योग्य वयात व योग्य शिकवण मिळाल्यास मूल हे काम स्वतः करू शकते. प्रत्येक तासिकेच्या अखेरीस साऱ्या वर्गाने दोन घोट पाणी प्यावे, असा नियम केला, म्हणजे त्या एकावर कोणाचे लक्ष जाणार नाही आणि तहान व भूक यांत गल्लत होऊन खाणेही वाढणार नाही. दिवसाचे एकूण पाणी किती, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

७. हालचाल

खेळाच्या तासाला या मुलाला वर्गात दप्तरे राखायला बसवणे, ही पुष्कळ शाळांतील रूढी आहे. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र वाईट होतो. सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या मुलालाच शाळा अधिक बसवून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शनात दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल सुचवली आहे. पंचाचे किंवा गुण मोजण्याचे काम देऊन ही गरज भागत नाही.

पाय चालत नसले तरी हात चालतात. बसून लेझीम खेळता येते. चेंडू भिंतीवर फेकून झेलणे, बसूनच दोरी ओढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, चाकाची खुर्ची स्वतः ढकलत मैदानाची फेरी घालणे, कुबड्यांवर फळ्यापर्यंत जाऊन गणित सोडवणे, हे सारे व्यायामच होत. खुर्ची ढकलायला मित्र पुढे येतात. त्यांचे कौतुक करावे, परंतु सपाट जागेवर ती ढकलण्याचे काम ज्याचे त्यालाच करू द्यावे. व्यायामाचा प्रकार आरंभी समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक वा फिजिओथेरपिस्ट यांना विचारून ठरवावा.

८. विशेष दक्षता

(अ) गरम खिचडीचे ताट मांडीवर ठेवू देऊ नये. मांडी भाजली तरी मुलाला कळणार नाही. ताट पाटावर किंवा बाकावर ठेवावे. तापलेल्या फरशीवरही त्याला बसवू नये.

(आ) दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन क्षणभर अंग उचलण्याची किंवा कुशी बदलण्याची सवय लावावी. रोज रात्री आईने नितंब व टाचा पाहाव्यात.

(इ) लहानपणापासून झालेल्या शस्त्रक्रियांमुळे या मुलांत रबरी वस्तूंची तीव्र ॲलर्जी आढळते. वाढदिवसाचे वा समारंभाचे फुगे वर्गात आणू नयेत. अशी ॲलर्जी असलेल्या काहींना केळे किंवा पपई यांचाही त्रास होतो. फळ वाटण्याच्या दिवशी ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे काही झाले, तर ते फळ पुन्हा देऊ नये. धाप लागल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. ज्यांना त्रास नाही त्यांना केळे बंद करण्याचे कारण नाही.

(ई) शंट असलेले मूल डोके दुखते म्हणू लागले, उलट्या करू लागले, पेंगू लागले, किंवा त्याचा अभ्यास एकाएकी घसरला, तर ते पित्त वा आळस समजू नये. शंट तुंबल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

(उ) आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीने मलावरोध वाढल्याचे पालकांनी सांगितले, तर गोळी आपल्या मताने बंद न करता आरोग्य सेविकेस विचारावे.

९. घराशी संबंध

या विषयातील सर्वांत अवघड भाग अन्नाचा नसून मायेचा आहे. ज्या लेकराला देवाने पाय दिले नाहीत, त्याला निदान पोटभर गोडधोड तरी द्यावे, असे आजीला वाटते. शेजारीण येताना त्याच्या हातावर पेढा ठेवते. दुकानदार त्याला गोळी फुकट देतो. शिक्षकही बक्षीस म्हणून चॉकलेट देतो. यात प्रत्येकाचा हात प्रेमाचा असतो, आणि या साऱ्या प्रेमाची बेरीज त्या मुलाच्या अंगावर चढते.

म्हणून शिक्षकाने घरी जाऊन 'खाऊ बंद करा' असे सांगू नये. तसे सांगितल्याने आजीचे मन दुखावेल व खाऊ लपून दिला जाईल. त्याऐवजी मायेला दुसरी वाट दाखवावी. आजीने त्याला गोष्ट सांगावी, पेरूची फोड द्यावी, अंगणात चेंडू टाकावा. सणाची पुरणपोळी त्याने सर्वांबरोबर जरूर खावी. रोजच्या बिस्किटपुड्याचा मात्र सण होऊ नये. वर्गातील बक्षीस पेन्सिल, गोष्टीचे पुस्तक किंवा घंटा वाजवण्याचा मान या रूपात द्यावे. 'जाड्या', 'लठ्ठ' अशी हाक वर्गात कोणी मारली, तर तेथल्या तेथे थांबवावी. लाजवल्याने वजन उतरत नाही, मूल मात्र चोरून खाऊ लागते.

मेंदूत पाणी साठलेल्या मुलांपैकी अनेकांना कामांचा क्रम लावणे व वेळेचे भान ठेवणे जड जाते. त्यांना 'पाणी पीत जा' असे शंभरदा सांगण्यापेक्षा चित्रांचे वेळापत्रक करून बाकावर चिकटवावे : पेला, नळी, ताट, चेंडू. प्रत्येक काम झाले की मुलाने स्वतः खूण करावी. अशा रीतीने स्वतःच्या शरीराचा कारभार ते हळूहळू स्वतःकडे घेते. प्राथमिक शाळेतून बाहेर पडताना या मुलाने मिळवण्याजोगे हे एक मोठे शिक्षण आहे.

१०. पुढील अपत्यासाठी

हा दोष पुष्कळ अंशी टाळता येतो, हे गावाला माहीत असणे इष्ट आहे. १९२८ नंतरच्या काळात डॉ. लूसी विल्स यांनी मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसून आले, की आधी असे मूल झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर दोषाची पुनरावृत्ती सुमारे सात-दशांशाने कमी होते.

नळी मिटण्याचा काळ पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा असल्याने, दिवस गेल्याचे कळल्यावर गोळी सुरू करणे या दोषापुरते बहुधा उशिराचे ठरते. सर्वसाधारण स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे. जिला आधी असे मूल झाले आहे तिला याच्या दसपट मात्रा लागते व ती डॉक्टरांनीच द्यावयाची असते. पालेभाज्या व डाळी उपयुक्त आहेत, परंतु त्या गोळीची जागा घेऊ शकत नाहीत. ही माहिती आईला दोष देण्याच्या सुरात कदापि सांगू नये. आशाताई वा आरोग्य सेविका यांच्यामार्फत सांगणे उत्तम.

११. संपूर्ण वर्गासाठी पाठ

विषय : श्रम व अन्न. इयत्ता : चौथी. वेळ : एक तासिका.

आरंभी मुलांना विचारावे : नांगरणीच्या दिवसांत बैलाला काय देतात? काम नसताना काय देतात? त्यावरून 'श्रम तितके अन्न' हे सूत्र मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर फळ्यावर ताटाचे वर्तुळ काढून त्याचे चार भाग करावेत व दोन भाग भाजीला, एक भाकरीला, एक डाळीला द्यावा. प्रत्येकाने काल रात्रीचे स्वतःचे ताट वहीत काढावे. शेवटी साऱ्या वर्गाने बसल्या जागी पाच मिनिटे हातांचा व्यायाम करावा व पाणी प्यावे. पाठात कोणत्याही एका मुलाचा उल्लेख करू नये. ज्याच्यासाठी पाठ योजला त्याला तो सर्वांबरोबर मिळावा.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील शाळांत उभे राहू न शकणाऱ्या मुलांचे वजन कसे घेतले जाते? ते कधीच घेतले गेले नसेल, तर येत्या महिन्यात कसे घेता येईल?

२. आपल्या शाळेत नळीचा वापर करणाऱ्या मुलासाठी कडी असलेली स्वच्छ जागा आहे का? नसल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय कोण मांडील?

३. खेळाच्या तासाला दिव्यांग मूल प्रत्यक्षात काय करते? एका आठवड्याची नोंद ठेवून ती परिषदेत वाचावी.

४. गेल्या तीन वर्षांत 'उचलवत नाही' म्हणून शाळा सुटलेले एखादे मूल आपल्या गावात आहे का? त्याच्या घरी कोण व कधी जाणार, ते याच बैठकीत ठरवावे.